भोकरदनची बसलेली सरस्वती

दसरा होऊन आठवडा उलटला तरी भोकरदनच्या वाचनालयातली पुस्तकं पूजेतून उठली नव्हती, आणि मंगळवारी औरंगाबादहून शिक्षण खात्याचे साहेब ती तपासायला येणार होते.

वाचनालय म्हणजे पुखराज शेठच्या सरकीच्या गोदामाची पुढची खोली. निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी खात्यानं गावाला मराठी पुस्तकं दिली, शेठनी कपाट दिलं आणि गावानं रामराव दिले. रामरावांना दुपारी झोप लागत नसे, एवढीच त्यांची लायकी तेव्हा बघितली गेली. अक्षरं उतारवयात शिकलेला माणूस पुस्तकं जपून ठेवील, असंही लोकांना वाटलं. त्यांनी ती इतकी जपली, की कुणाच्या हाती लागू दिली नाहीत. हात धुऊन ये, पुसून ये, तंबाखू थुंकून ये, मग बघू. गावानं हात धुतले नाहीत, पुस्तकांचा नादच सोडला.

पण वाचनालय आल्यापासून गाव त्यांना 'रामराव' म्हणत होतं. त्याआधी ते 'राम्या' होते. साहेबांच्या कार्डात लिहिलं होतं, की पुस्तकं वाचली जात नसतील तर उचलून शेजारच्या जाफराबादला देण्यात येतील. म्हणजे पुन्हा राम्या. तेही जाफराबादकरांच्या तोंडून.

नवरात्रात सरस्वती बसवायची टूम शेठची. वाचनालयाचे अध्यक्षही तेच.

"दिवाळीला आम्ही चोपड्या पुजतो. मंग बुकांनी काय घोडं मारलं?"

"एक-दोन बसवू, शेठजी," रामराव म्हणाले.

"अन् बाकीच्यांनी कपाटात तोंड फुगवून बसायचं का? सगळी बसवा."

गावचे भटजी दीनानाथ महाराज यांनी कपाटातली सगळी पुस्तकं चौरंगावर रचली, लाल कापड घातलं, भोवती सूत गुंडाळलं. सरस्वती बसली की तिला विधीनं उठवेपर्यंत पुस्तक वाचायचं नाही, हात लावायचा नाही. उठवायच्या आदल्या दिवशी महाराज राजूरच्या गणपतीला गेले, देवळाच्या पायरीवर घसरले आणि सुजलेला पाय घेऊन तिथंच बहिणीकडे पडून राहिले.

रामराव दुसऱ्या भटजींकडे गेले. ते म्हणाले, "ज्यानं बसवली त्यानंच उठवायची. दुसऱ्याच्या देवाला मी काहून धक्का लावू?"

त्यातच गोजरबाईची म्हैस अडली. वैद्याकडे पळता पळता तिनं वाचनालयाच्या दारातून हात जोडले, आणि घरी परत जाते तर म्हैस व्यालेली. वर पारडी. दुसऱ्या दिवशी गोजरबाई नारळ घेऊन आली. तिसऱ्या दिवशी अर्धं गाव. शेठची बायको लाडबाई देवीसाठी चोळीखण घेऊन आली. वर्षभर एकही वाचक न बघितलेले रामराव आता दारात चपला नीट लावा म्हणून ओरडत होते.

मंगळवारी दुपारी जीप थांबली. शरदचंद्र साहेब हैदराबादला ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन आलेले, तरुण आणि तळमळीचे. गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, पायताण भाईर," गोजरबाई म्हणाली.

साहेबांनी बूट काढले. वरच्या पुस्तकाकडे हात नेला तर चार बांगड्यांचे हात आडवे आले.

"हात नका लावू. देवी उठली न्हाई अजून."

"कोणती देवी?"

"तुमचीच की. खात्यानं धाडलेली."

साहेबांनी रामरावांना कोपऱ्यात घेतलं. "अहो, जुन्या काळी परदेशात पुस्तकं साखळीनं मेजाला बांधून ठेवत. त्या साखळ्या सुटायला कैक पिढ्या गेल्या. आणि तुम्ही काय मांडलंय हे?"

"साखळी आम्हाला कुठली परवडती, साहेब? सूतच हाय."

"मग सूत तोडा."

"तुम्हीच तोडा. पण बायकांच्या म्होरं तोडा."

साहेबांनी बायकांकडे बघितलं. साहेबांचं लग्न झालेलं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

"हे बघा, वाचकाच्या घरी गेलेलं पुस्तक मी कधीच परत मागवत नाही. पण हा ढीग मी जाफराबादला नेणार. तो महाराज कुठे आहे?"

साहेबांची जीप राजूरला गेली आणि दीनानाथ महाराजांना घेऊन आली. महाराज जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसले होते. पायाचं दुखणं विसरून ते दोन्हीकडे नमस्कार करत उतरले. त्यांनी अक्षता टाकल्या, मंत्र म्हटले, सूत सोडलं, लाल कापड काढलं. सरस्वती उठली.

"जीप मागे घे आणि भर," साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

रामराव दारात आडवे उभे राहिले. "परसाद वाटल्याबिगर कसं, साहेब? बायका खोळंबल्यात."

"वाटा लवकर."

वाटायला काय होतं? खोबरं सकाळीच संपलेलं, साखरेला मुंग्या लागलेल्या. रामरावांनी वरचं पुस्तक उचललं आणि गोजरबाईच्या पदरात घातलं. "घ्या. देवीचा परसाद."

गोजरबाईनं ते कपाळाला लावलं. मागून दहा पदर पुढे झाले.

साहेब ओरडणार होते, तेवढ्यात त्यांना दिसलं की गोजरबाई दारातून निघाली आणि पुस्तकाची नोंदच झालेली नाही. शिकलेली विद्या आडवी आली. "थांबा! नोंदीशिवाय पुस्तक बाहेर जात नसतं. रामराव, लिहा."

"माझा हात लय हळू चालतो, साहेब."

"आणा ती वही इकडे." साहेब सरकीच्या पोत्यावर बसले. "नाव?"

"गोजरबाई."

"पूर्ण सांगा. नवऱ्याचं नाव?"

"तसं कसं सांगू? उखाणा घ्यावा लागंल."

"घ्या."

तिनं घेतला. मग प्रत्येकीनं घेतला. मागच्या बाया पुढचीला हसत होत्या, महाराज चुकलेलं यमक जुळवून देत होते आणि साहेब मान खाली घालून सुबक अक्षरात नावं उतरवत होते. शेवटची बाई गेली. साहेबांनी रेघ मारून खाली सही केली.

"साहेब, भरू काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

साहेबांनी चौरंगाकडे बघितलं. त्यावर हळद होती. मग त्यांनी आपल्या सहीकडे बघितलं.

"काही नाही," ते बूट घालत म्हणाले. "सगळी पुस्तकं वाचकांकडे आहेत. नोंद माझ्याच अक्षरात आहे."

"मोत्यावानी हाय अक्षर," रामराव म्हणाले.

वाचनालय वाचलं. रामरावही वाचले. पण पुस्तकं काही परत येईनात. रामराव घरोघर फिरले. गोजरबाई म्हणाली, "परसाद कोणी माघारी देतं का, भाऊ? इचारता कसं?"

मग एका दुपारी पुखराज शेठ वाचनालयात आले आणि बाकावर बसले.

"रामराव, एखादं बुक दे."

अध्यक्षांनी पुस्तक मागायची ही पहिलीच वेळ. रामराव म्हणाले, "तुमच्या घरी दोन हायत की, शेठजी."

"हायत ना. सून वाचून दाखवती. दुपारी दार लावून सगळ्या बायका जमून राह्यल्यात. लाडबाई तर हसून हसून डोळे पुसती. म्या उंबऱ्यात पाय ठेवला की पुस्तकावर फडकं टाकती अन् म्हणती, पूजेतलं हाय, हात लावू नका."

"काय लिव्हलंय त्यात?"

"तेच तर तुला इचारायला आल्तो. तू ग्रंथपाल ना?"

रामरावांनी थोडा विचार केला. "तुमच्या माजघराला मागून खिडकी हाय का?"

त्या दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष आणि ग्रंथपाल शेठच्या घरामागे कडब्याच्या पेंढीवर शेजारी शेजारी बसले होते. आत सून वाचत होती. बायका हसल्या की बाहेर हे दोघे तोंडावर उपरणं धरत. गोष्टीतली नवरी मांडवातून पळायच्या बेतात होती, तेवढ्यात आतून लाडबाईचा आवाज आला, "बस कर आता. शेठच्या चहाची येळ झाली."

पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. शेठ खिडकीखाली तसेच बसून राहिले.

"एक दिस चहा न्हाई पिला," ते हळूच म्हणाले, "तर मेलो असतो का मी?"