काकांनी काढलेला पोचा

माणूस नश्वर आहे आणि गाडीही. पण मोठा माणूस ज्या गाडीत बसला ती गाडी मात्र अमर आहे, हे सत्य वारसा-वाहन कचेरीने फार विचारांती स्वीकारलं आहे. कचेरीच्या नियमानुसार जुन्या गाड्या दोनच प्रकारच्या. सामान्य माणसाने चालवली ती ‘वापरलेली’, प्रसिद्ध माणसाने चालवली ती ‘लाभलेली’. वापरलेली चेपायच्या यंत्रात जाते, लाभलेली संग्रहालयात. (मधला एखादा प्रकार असावा, असं सुचवणाऱ्या कारकुनाची बदली झाली.)

काकूंची गाडी निःसंशय वापरलेली होती. तिच्यावर काकांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं. काका गेल्यावर काकू रोज सकाळी फडक्याने तिचं अंग पुसत, चालकाशेजारच्या आपल्या जागेवर बसत, डोळे मिटून दोन शब्द देवाशी आणि चार काकांशी बोलत, आणि मग चहा टाकायला घरात जात. गाडी चेपण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मग मी सकाळी बसू कुठे?” या प्रश्नासाठी कचेरीच्या कागदावर रकाना नव्हता.

नियमाप्रमाणे शेवटची तपासणी करायला मूल्यमापक आले. त्यांनी गाडी आतून, बाहेरून, खालून पाहिली. मग रोग्याच्या नातेवाइकांना डॉक्टर बाजूला घेतात तसं काकूंना बाजूला घेतलं.

“काकू, धीर धरा. गाडीत काहीही दोष नाही.”

“अगंबाई, मग?”

“मग काय! ओरखडा नाही, डाग नाही, इंजिन लोण्यासारखं. जीव लावून सांभाळलेली दिसते. अशा गाडीला कोण विचारतं?”

त्यांनी दर समजावून सांगितले. मोठा माणूस मालक असल्यास किंमत शंभरपट. नुसता बसला असल्यास वीसपट. टेकून फोटो काढला असल्यास पाचपट. आत उलटी केली असल्यास चाळीसपट (डाग पुसलेला नसावा). मालकाने निगुतीने राखली असल्यास, लोखंडाच्या वजनावर.

तेवढ्यात काकूंचे धाकटे दीर मध्येच बोलले. “वहिनी, तो हिरो नाही का आपल्याकडे शिकायला यायचा? हिरो व्हायच्या आधी? फाटकाच्या खांबावर घातली होती की त्याने गाडी!”

मूल्यमापक मटकन पायरीवर बसले. “पोचा पडला होता?”

“पडला म्हणजे! वाटी मावेल एवढा.”

“कुठाय तो?”

“दादाने त्याच संध्याकाळी ठोकून काढला. हात फिरवून बघा, कळायचंसुद्धा नाही.”

मूल्यमापकांनी हात फिरवला. कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. “अहो, ठेवा होता तो, हिरो बसल्याचा एकुलता पुरावा! असा कसा हो पुसून टाकला?”

“त्यांना वाटलं, गाडीला दुखत असेल,” काकू हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी हातोडा घेऊन पोचा पुन्हा पाडला. तज्ज्ञ समितीने तो भिंगाखाली धरून फेटाळला. (‘सदर पोच्यात प्रतिभेचा अभाव असून तो कष्टाने पाडलेला दिसतो.’) सबब मूळ कलावंतासच पाचारण करावे, असा ठराव झाला.

हिरो आला. पडद्यावर हा माणूस दरीवरून गाडी उडवतो. काकूंच्या गाडीत बसल्यावर त्याने प्रथम वायपर सुरू केले. काकू आपल्या जागेवर बसल्या होत्याच.

“अरे, क्लच! क्लच दाब! तेव्हाही हेच सांगत होते!”

“काकू, ओरडू नका ना, मी घाबरतो!” असं म्हणत हिरोने गाडी थेट त्याच खांबावर नेऊन घातली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मूल्यमापकांनी पोच्याला हात जोडले. खांबही लाभलेला ठरल्याने मुळासकट उपटून नेला. शेजाऱ्याच्या पायाच्या करंगळीवरून चाक गेलं होतं. त्याने आजतागायत प्लॅस्टर उतरवू दिलेलं नाही.

तर गाडी वाचली. संग्रहालयात, आरशासारख्या फरशीवर, दोरीच्या आत विराजमान झाली. फलकावर हिरोचं नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरात ‘मधल्या काळात: इतर’. पहिल्याच सकाळी काकू फडकं घेऊन हजर.

“मावशी, दोरीच्या बाहेर व्हा! तुम्ही हिरोच्या कोण?”

“कोणी नाही रे बाबा. त्याला क्लचवरून ओरडले होते, एवढंच.”

पहारेकऱ्याने ताडकन सलाम ठोकला. समिती बसली. ‘हिरोस ओरडलेली व्यक्ती’ हा नवा वर्ग निघाला, आणि काकूंनी रोज सकाळी त्यांच्याच जागेवर प्रदर्शनीय वस्तू म्हणून बसावे, असा आदेश झाला. (फडकं मात्र जप्त. धूळ हिरोच्या हस्ते उडालेली असल्याने ती पुसता येत नाही.)

काकू मजेत बसतात. देवाशी दोन, काकांशी चार. लोक खिडकीतून वाकून विचारतात, “हिरो कुठे बसला होता हो?”

काकू शेजारची सीट दाखवतात. “इथे आमचे हे बसायचे. त्यांनी तो पोचा असा काढला होता, की...”

तोवर लोक पोच्याबरोबर फोटो काढायला पुढे गेलेले असतात.

आपण सुज्ञ वाचक, आपलं तसं नाही. पण देवाला स्मरून सांगा, इथवर येताना ‘हा हिरो नेमका कोण असेल बरं?’ असं मनातल्या मनात किती वेळा म्हणालात? आणि काकांचं नाव काय, हे एकदा तरी?