बावडीचौकाच्या कुंपणाचा छडा

सन छत्तीस साली नंदुरबारच्या जुन्या वेशीच्या आत, बावडीच्या चौकात, एका दुकानावर पाटी होती: 'घड्याळे दुरुस्त होतील. गुन्हेही शोधले जातील. दोन्हीला वेळ लागेल.' पाटीखाली अन्वर घडीसाज बसत. त्यांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार पश्चिम खानदेशात बुद्धिमान माणूस एकच उरला होता आणि त्याची दाढी लालभडक होती. "आरोपी माझ्या डोळ्यांना फसवेल," ते सांगत, "पण ही दाढी बघितली की त्याचे पाय लटपटतात." डाव्या डोळ्याला घड्याळजीचे भिंग, गालात पान, आणि तपासाला लागले की जिभेवर कचेरीतली शुद्ध मराठी. एरवी ते चारचौघांसारखी अहिराणी बोलत. पण अहिराणीत अनुमान निघत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता.

या बुद्धिमत्तेचा मदतनीस होता धुडकू. बिचाऱ्याने अर्ज वगैरे केला नव्हता. तो चौकातल्या बागेचा माळी आणि बाग नेमकी दुकानासमोर, एवढाच त्याचा दोष. तीन वर्षे बावडीच्या चोपन्न पायऱ्या उतरून-चढून त्याने घागरींनी ही बाग जगवली होती. मोहल्ल्याचा उकिरडा होता तिथे गुलाब आणि झेंडू आणले होते, भोवती छातीएवढे मेंदीचे कुंपण उभे केले होते. गेल्या आठ दिवसांत त्या कुंपणाच्या नुसत्या काड्या उरल्या. काड्यांतून बकऱ्या आत शिरल्या आणि झेंडू फस्त. त्यात मुन्सिपाल्टीचे मेंबर इंद्रसिंग बापू, एक हात कोटाच्या खिशात घालून, बजावून गेले, "कुंपण नही त बाग नही. शुक्रवारले चोर दखाडा, नही त आठे कपाशीना गाड्यास्ना तळ करसूत."

धुडकू तडक समोरच्या दुकानात गेला.

अन्वरमियाँनी काड्यांना भिंग लावले. "दातांची खूण नाही. अर्थात बकरी निर्दोष! पाने खुडलेली आहेत. गुन्हेगाराला बोटे आहेत. बहुधा दहा."

"मंग?"

"मग काय! कापसाच्या जिनात एक बोट गमावलेला रूपसिंग संशयितांतून वजा."

रूपसिंग वजा जाता उरलेले सगळे गाव शिल्लक होते. धुडकू घागर घेऊन बावडीकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याच्या जत्रेला निघालेला एक घोडेवाला चौकात थांबला. मियाँ उसळले. "सापडला! हा पांढऱ्या घोड्यांना मेंदी चारतो. आतून रंग चढतो आणि जत्रेत तांबडा घोडा म्हणून खपतो."

"मियाभाई, आपू भाजी खातस, हिरवा व्हतस का?"

या क्षुद्र प्रश्नाकडे दुर्लक्ष करून मियाँ घोड्याचे मागचे अंग भिंगातून तपासायला वाकले. पुढे झाले ते घोड्याच्या बाजूने पाहता योग्यच झाले. उरलेला तपास मियाँनी उभ्याउभ्याच केला.

गुरुवारी तिसरा सिद्धांत निघाला. "या कुंपणापाशी रोज कोण असतो? धुडकू!"

धुडकूने घागर खाली ठेवली. "मियाभाई, मन्ही अंडेर तापमा व्हती, तवयबी मी आधी आठे पाणी टाकं." त्याला ते फार लागले. पोटच्या पोरीआधी पाजलेल्या झाडांची चोरी आपल्यावर यावी! मियाँनाही चुकल्यासारखे वाटले असावे. त्यांनी भिंग पुसले, दाढी कुरवाळली, "संशय तूर्त तहकूब" म्हणाले आणि डब्यातले शेवटचे पान त्याच्यापुढे धरले.

शुक्रवारी बापू आले. मोहल्ला जमला. मियाँ खुर्चीवर उभे राहिले. "गुन्हेगार याच चौकात आहे! रोज या कुंपणासमोर बसतो-उठतो आणि त्याला लाज म्हणून वाटत नाही!"

तेवढ्यात त्यांच्या बेगम अख्तरबानो हातात वाटी घेऊन गर्दीतून आल्या. "ओ जी, भाषण नंतर. जुम्मानी नमाजआधी दाढीले लाई ल्या. मुळमा पांढरी दखाई ऱ्हायनी."

वाटीत ताजी वाटलेली हिरवीगार मेंदी होती. धुडकूच्या नाकाला तो वास लहान मुलाला आईचा कळावा तसा कळला.

"भाभी, हाई मेंदी कोठली?"

"कोठली म्हंजे? हाई समोरनी! बाग मोहल्लानी, मंग कुंपण काय परक्यानं शे? सुरैय्या लई जास, सोमीबाई लई जास. मी त हप्तामा एक मूठ लेस. पण गया हप्तामा बापूना घरन्या बाया पाच सुपडा भरीसन लई ग्यात. अंडेरनं लगीन व्हतं ना!"

चौकातल्या बायांचे हात एकदम पदराखाली गेले. बाकी सगळे बापूंच्या कोटाच्या खिशाकडे बघू लागले. बघता बघता बापूंना घाम फुटला आणि रुमालासाठी तो हात बाहेर आला. तळव्यावर रुपयाएवढा लाल ठिपका.

"धाकली अंडेरनी लाई दिधा," बापू पुटपुटले. "गाडीतळनं... पुढे देखसूत." आणि झपाझपा निघून गेले.

मियाँ खुर्चीवरून सावकाश उतरले. "मी पहिल्याच दिवशी सांगितले होते," ते म्हणाले, "गुन्हेगाराला दहा बोटे आहेत."

धुडकू जन्मात पहिल्यांदा चौकात ओरडला. "होळीपावत कोणी पानले हात लावाना नही! मेंदी खुडी का दाट येस, पण पाणी जोयजे. ज्यास्नी पाला लई ग्यात, त्यास्नी रोज एक घागर आणानी!"

मोहल्ल्याने निमूटपणे आणली. मियाँनी मात्र चोपन्न पायऱ्या बघून तपासाचे काम तुंबल्याचे सांगितले.

होळी आली. कुंपण कमरेएवढे गच्च झाले, गुलाबाला कळ्या धरल्या आणि मियाँची दाढी कापसासारखी पांढरी झाली. दुकानात येणारे त्यांनाच विचारत, "ते लाल दाढीना हेर कोठे ग्यात?" मियाँ मान खाली घालून काटे फिरवत बसत.

एका सकाळी धुडकूने स्वतःच्या हाताने मूठभर कोवळा पाला खुडला आणि दुकानाच्या फळीवर ठेवला.

"हा पुरावा?" मियाँनी भिंग चढवले.

"नही. दाढी. तुम्हले कोणी वळखत नही, ते माले बरं वाटत नही."

मियाँनी तो पाला पानाच्या डब्यात जपून ठेवला. मग भिंग काढून ठेवले, कोपऱ्यातली घागर उचलली आणि बावडीच्या पायऱ्या उतरू लागले.