रणगाड्याचे बारमाही टायर

खरेदी कशी करावी हे मला विचारा! आमच्या ऑफिसात कुणाला साधा पंखा घ्यायचा असला तरी तो आधी माझ्या टेबलाशी येतो. (माझं सगळं ऐकून घेतो आणि मग दुसराच पंखा आणतो, हा भाग वेगळा.) त्यामुळे आमच्या गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले, तेव्हा मी घाबरलो तर नाहीच, उलट मला हुरूपच आला.

गाडी म्हणजे आमची जुनी एसयूव्ही. घरात तिला 'रणगाडा' म्हणतात. दार लावलं की शेजाऱ्यांच्या खिडक्या हलतात. माझा मात्र तिच्यावर जीव आहे. बायकोचा नाही.

"अहो, विका आता तो रणगाडा," शिवणयंत्रावरून मान वर न करता ती म्हणाली. आमच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे घरातले सगळे मोठे निर्णय यंत्राच्या घरघराटातच होतात. "जुन्या गाड्या घेणाऱ्याचा आजही फोन आला होता."

"टायर बदलले की नव्यासारखी पळेल!"

यंत्र थांबलं. यंत्र थांबलं की मला धडकी भरते.

"बरं. रविवारी आईला टेकडीवरच्या घरातून आपल्याकडे कायमचं आणायचंय. तुमच्या गाडीने तिला न थांबता घरी आणलं, तर गाडी राहील. वाटेत एकदा जरी आम्हाला रस्त्यावर उभं केलंत, तर सोमवारी गाडी विकायची. कबूल?"

"कबूल!"

"आणि टायर स्वस्तातले. आणि पावसात, उन्हात, थंडीत, सगळीकडे चालणारे. दर मोसमाला तुमचं नवं खूळ नको."

म्हणजे बारमाही टायर, आणि तेही स्वस्त! दुसरा कुणी असता तर हबकला असता. मी वही-पेन्सिलसुद्धा न घेता बाहेर पडलो.

आधी टायरचं माप बघायला हवं. ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, पण वाचायला खाली वाकावं लागतं, आणि माझ्या कंबरेचं आणि वाकण्याचं फार दिवसांपासून वाकडं आहे. पण डोकं चालवणारा माणूस कंबर कशाला चालवेल? रणगाड्याच्या मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली आहे, थेट डोळ्यांसमोर! तिच्यावर बायकोने शिवलेलं जाडजूड कव्हर होतं. ते ओढून काढलं, आकडा वाचला, मोबाइलवर फोटो काढला. काम फत्ते!

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. त्याची गाडी रणगाड्याच्याच कंपनीची, पण एक नंबर मोठी, आणि हे तो दर भेटीत सांगतो. रविवारी सामान आणायला तोही येणार होता.

"दाजी, माझेही टायर गेलेत हो. माप कसं बघता?"

"मेहुणे, चिखलात लोळू नका. सरळ स्टेपनीवर वाचा!"

"वा दाजी! हे सुचलंच नव्हतं!"

"अनुभव लागतो," मी म्हणालो.

मग मी दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने दाखवलेल्या टायरच्या खाचा खोल होत्या, पण पावसाचं पाणी त्यातून नीट बाहेर जाईल का? मी जवळची बाटली टायरवर ओतून पाहिली. पाणी खाचांतून सुरेख वाहिलं आणि दुकानदाराच्या बुटात गेलं.

"साहेब, दुसरीकडे बघा," तो म्हणाला.

दुसरीकडे चक्क सेल लागला होता! बारमाही टायर, खोल खाचा, भाव निम्मा. भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' परत करायला मी काय नवखा होतो?

"गाडी आणलीय का?" दुकानदाराने विचारलं.

"गाडी कशाला? माप आणलंय!" मी फोटो दाखवला. त्याने चार टायर काढून दिले. मी लगेच मेहुण्यालाही सेलची बातमी कळवली. आपल्या माणसाचं भलं झालं तर कुणाला नको असतं?

शनिवारी सकाळी टायर बसवणारा मिस्त्री अंगणात आला. गाडी ठोकळ्यांवर चढवली, जुने टायर काढले आणि नवा टायर रिंगवर ठेवला. तो रिंगवर असा ढगळ बसला, जणू नातवाच्या डोक्यावर आजोबांची टोपी!

"साहेब, हे या गाडीचे नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"नीट दाबून बघा!"

"दाबून काय होणार? मोठे आहेत ते."

"मग हवा जास्त भरा!"

मिस्त्रीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरू शकत नाही. आतून यंत्राचा आवाज येत होता. तो थांबायच्या आत काहीतरी करायला हवं होतं! रणगाडा ठोकळ्यांवर लटकलेला, टायर परत जाणार नाहीत, आणि सासूबाई उद्या सामान बांधून दारात बसणार. मी कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात मेहुण्याला फोन लावला.

"मेहुणे, उद्या आईंना तुमच्याच गाडीतून आणू या का? तुमची गाडी कशी मोठी, ऐसपैस!"

पलीकडून खोल गेलेला आवाज आला. "दाजी, मी तेच म्हणणार होतो. तुमच्या गाडीची मजा काही औरच!"

"नाही नाही, तुमचीच न्या."

"छे छे, तुमचाच मान!"

एवढ्यात माझ्या हातातला मोबाइल गेला. यंत्र कधी थांबलं, कळलंच नव्हतं!

"दादा, खरं सांग. गाडीला काय झालंय?" बायकोने विचारलं, आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"टायर बसत नाहीत गं. लहान पडतायत. दाजींनी सांगितलं तसं स्टेपनीवरच वाचलं होतं मी!"

बायको एकदा ढगळ टायरकडे, एकदा माझ्याकडे आणि शेवटी मागच्या दारावरच्या स्टेपनीकडे पाहत राहिली.

"अहो, मागे सगळे मिळून फिरायला गेलो होतो, तेव्हा दोन्ही स्टेपन्या पंक्चरवाल्याकडे टाकल्या होत्या ना? परत कुणी बसवल्या?"

आम्हीच! मी आणि मेहुणा. कोणतं पेट्रोल चांगलं यावर कडाडून वाद घालत. बोल्टही मेले मुकाट्याने बसले. एकाने तरी नकार द्यायचा!

"तरीच!" तिने कपाळावर हात मारला. "त्यानंतर आपलं कव्हर बसेना. मला वाटलं, धुऊन कापड आटलं. शिवण उसवून जोड लावला मी! आणि वहिनीचं सैल झालं म्हणून तिला इलॅस्टिक घालून दिलं!"

"म्हणजे तुलाही कळलं नाही!" मी आनंदाने ओरडलो. हा आनंद तेव्हा दाखवायला नको होता.

पण विचार करा! माझ्याकडे त्याच्या मापाचे टायर, त्याच्याकडे माझ्या मापाचे! दुपारी मेहुण्याने टेम्पोतून टायर पाठवले, त्याच टेम्पोने आमचे गेले, आणि संध्याकाळी दोन्ही गाड्या आपापल्या पायांवर उभ्या राहिल्या. मी इतका चुकलो नसतो, तर मेहुणा एकटाच फसला असता. मी हे बायकोला समजावून सांगितलं. तिने मला ताट वाढलं, एवढंच.

रविवारी रणगाडा टेकडी अशी चढला की विचारू नका! सासूबाई मागे कुंड्या मांडीवर घेऊन ऐटीत बसल्या.

"जावईबापू, गाडी हलत नाही हो मुळीच!"

"बारमाही टायर, आई! निवड माझी!"

उतार संपत आला आणि फस्स्स! कुठल्याशा खिळ्याने माझी कारकीर्द संपवली. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मला सोमवार दिसू लागला.

"पाच मिनिटांत स्टेपनी लावतो!" म्हणत मी मागे गेलो, कव्हर ओढलं आणि थिजलो.

टायर बदलले होते. स्टेपन्या कुणी बदलल्या होत्या?

सामान घेऊन मागून येणारा मेहुणा थांबला. त्याने मागच्या दारावरून माझी स्टेपनी उतरवली, इलॅस्टिकचं कव्हर काढलं आणि ती माझ्या पायाशी ठेवली.

"दाजी, या वेळी माप बघून घ्या."

"चाकावरचंसुद्धा," बायको म्हणाली. "खाली वाकून."

मी वाकलो. चाकावरचा आकडा वाचला, स्टेपनीवरचा वाचला. दोन्ही अगदी तंतोतंत जुळले! फक्त मला परत सरळ होता येईना.

मेहुण्याने चाक बदललं. मला मागच्या सीटवर आडवं घातलं, पायाशी सासूबाई, डोक्याशी कुंड्या. स्टिअरिंगवर बायको बसली. रणगाडा ती पहिल्यांदाच चालवत होती. पहिल्या वळणावर ती गप्प होती, दुसऱ्यावर गुणगुणायला लागली आणि तिसऱ्यावर तिने कारण नसताना हॉर्न वाजवला.

"अहो, किती छान चालते ही! वरून सगळा रस्ता दिसतो! कधी बोलला नाहीत ते?"

मी कण्हलो. पण मनातून मला इतकं बरं वाटलं की कंबर त्याच्यापुढे काहीच नाही.

सोमवारी जुन्या गाड्या घेणाऱ्याचा फोन आला. मी आत गादीवर पडून कान टवकारले.

"नाही हो, गाडी नाही द्यायची," बायको सांगत होती. "पण घरात दुसरं एक जुनं मॉडेल आहे. आवाज फार करतं, कंबरेतून वाकत नाही. घेता का?"

सासूबाई मोठ्याने हसल्या. बायकोने फोन ठेवला आणि दारातून डोकावली.

"सुटे भाग मिळत नाहीत म्हणे, नको त्याला. ठेवावंच लागणार तुम्हाला!"