राणीसाहेबांनी लटक्या माशीच्या अंगास गाठ ठेविली त्याची हकीकत

श्री. जळाखाली जो जागा आहे त्यास नमन करोन, शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी एके राज्यी वर्तमान जाहले ते लिहिले असे. महाराजांस सामन म्हणोन जो थंड पाण्याचा मोठा मासा, तो गळाने धरण्याचा छंद लागला आणि ते उत्तरेस थंड नदीवर छावणी करोन राहिले, त्यास सातवे वर्ष. राणी साळूबाईसाहेब गडावर एकल्या. सामन भुलतो तो गळास बांधलेल्या पिसांच्या लटक्या माशीस, आणि ती माशी बाईसाहेब आपले हाते बांधीत. रोज स्नान करोन, तुळशीस पाणी घालोन, मग मौन धरीत, आणि एक माशी पुरी होई तो तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. बोटे रेशमास अडू नयेत म्हणोन साय चोळीत. शेपटीच्या पिसांची देठे आखूड न कापता गळाच्या दांडीभर निजवीत, म्हणजे माशीच्या अंगास उंचवटा, गाठ, राहात नाही, मग पीळ न पडू देता रेशीम शेपटीपर्यंत नेऊन परत आणीत आणि अकीकाने घोटीत. अंग ऐसे होई की नख फिरविले तरी अडू नये. पहिले वर्षी एका माशीस गाठ राहिली, तेव्हा महाराजांचे स्वदस्तुरचे पत्र आले, "शेपटीशी गाठ दिसते. हात सांभाळावा." बाईसाहेबांनी हात सांभाळला आणि पत्रे बंद जाहली.

यंदा त्यांचे मनी आले, पुन्हा एक माशी जाणोन चुकवावी. मग देठे आखूड कापिली, वर रेशीम चढविले, बोटाखाली गाठ लागली तेव्हा कानशिले तापली, देवापुढे नाक घासले, आणि ती माशी पेटीत सर्वांवर ठेवून जासूद हैबती याजबरोबर रवाना केली. दोन महिने वाट पाहिली, मग हैबती आला.

"पत्र?"

"पत्र नाही, आईसाहेब. पण मासा म्हणाल तर माझ्या छातीला लागेल एवढा! अन् घावला वरच्याच माशीला."

"स्वारींनी माशी पाहिली?"

"पाहतंय कोण? हाताला येईल ती मी दोरीला बांधतो, स्वारी पाण्याकडं बघती."

"तिला गाठ होती रे."

"असंल. माशानं काही कागाळी केली नाही."

बाईसाहेब हसल्या, त्यास गूळपाणी देविले आणि आत गेल्या. दुसरे दिवशी पुन्हा बांधावयास बसल्या, देठे दांडीभर निजविली. बटीक कोंडी बोलिली, "कुणी बघत नाही, मग कशापायी बांधायचं, बाईसाहेब?" मौन होते. माशी पुरी जाहली, पाणी घेतले, मग बोलिल्या, "पेटी भरली नाही, तर हैबती गड कशाला चढेल?"

येणेप्रमाणे महाराज नदीवर, बाईसाहेब गडावर. माशा गुळगुळीत गेल्या, पत्र आले नाही. घडले ते इतुकेच.