शंकरप्पांचा समास

पंगतीत भात वाढणाऱ्याला "पुरे" म्हणायच्या जागी "कडंला समास सोड की रे!" म्हणून ओरडणारा माणूस मी हुमनाबादेत एकच पाहिला. शंकरप्पा. कोणी अगदी रस्त्याला चिकटून ओटा बांधला, की हे समोर उभे राहून हळहळत, "बिनसमासाचं घर!"

आमच्या वाचनालयाचं पाक्षिक पत्रक ते काढत. एकच पाठपोट कागद. वर ठसठशीत नाव, खाली मथळा, दोन रकाने, कोपऱ्यात लग्न-बारशांची चौकट. सगळं मेणकागदावर टोकदार लेखणीनं कोरायचं आणि सायक्लोस्टाइलवर छापायचं. आणि उजव्या हाताला चार बोटं कोरी जागा. सगळं जग मोठा समास डावीकडे सोडतं, यांचा उजवीकडे. शिक्षण उर्दूतून झालेलं, हात तसाच वळलेला, असं धरून आम्ही हसायचो.

मग तेलगिरणीची आणि कापडदुकानाची जाहिरात आली. जागा नव्हती. कमिटीनं समास उडवायचं ठरवलं आणि सांगायला मला पाठवलं.

"मास्तर, मथळा बारीक करा, माझं नाव काढा," शंकरप्पा म्हणाले. "समासाला हात लावू नका."

"पण कामून?"

शंकरप्पांनी ट्रंकेतून जुने अंक काढले. प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीची थोराड, वाकडी अक्षरं.

"चिटगुप्प्याला दिलेल्या माझ्या थोरल्या अक्काचं हाय. मला शाळेत घातली आन् सोता शेण थापत बसली. साठीला आली, आता अक्षरं शिकायलीय. मी मोटारीनं अंक धाडतो, ती वळीपुढं शब्द गिरवून परत धाडती. डावीकडं समास असला तर हाताखाली शब्दच झाकतोय न्हवं?"

"मग वही द्या की त्यांना."

"वही घिऊन बसली तर या वयात काय शिकायलीस म्हणून लोकं हसत्यात. पत्रक म्हंजे नुस्तं वाचायलीय म्हंत्यात."

मला आमच्या हसण्याची लाज वाटली. दुसऱ्या रकान्यात दर अंकाला माझी कविता असे. मी कमिटीत जाऊन ती मागे घेतली, दोन्ही जाहिराती तिथे आरामात बसल्या.

"कविता काढली?" शंकरप्पा खूष झाले. "अंक सुधारला बघा!"

आठवड्यानं मी वाचनालयात गेलो तर तो अंक चिटगुप्प्याहून परत आला होता. जाहिरातीपुढे 'गोडेतेल' चारदा गिरवलेलं. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'शंकर येळेवर जेव'.

शंकरप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"मास्तर, ह्ये अंकात कुठं छापलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई."

"म्हंजे तिचं तिनं लिवलं," ते म्हणाले. डोळे पुसले, आणि सकाळपासून तसाच पडलेला डबा उघडून जेवायला बसले.