एक जूनचे दोन वैजनाथ

साहेब, तुम्ही भर सकाळी एक जिवंत माणूस नाहीसा केलात आणि दुपारी त्याबद्दल टाळ्या घेतल्यात. तुमचं नाव इथे घेत नाही. तुमच्यासारखा एकेक साहेब प्रत्येक कंपनीच्या वरच्या मजल्यावर असतोच; नाव घेतलं तर बाकीचे सुटले म्हणून खूश होतील.

नाहीसा झालेला माणूस म्हणजे वैजनाथ कोंडीराम गित्ते. मूळचा परळीकडचा, धायरीत एका खोलीत भाड्याने राहणारा, आणि पंप बनवणाऱ्या तुमच्या कंपनीत संगणकावर दोन वर्षं मान मोडून काम करणारा. साल दोन हजार सहा. सगळ्या पुण्याला आयटीची हवा लागली होती, तेव्हा पंपवाल्यांनी तरी मागे का राहावं? कंपनीची माहिती दहा ठिकाणी सांडलेली होती. पगार एकीकडे, हजेरी दुसरीकडे, कँटीन तिसरीकडे. ती सगळी एका कोठारात आणून नीट लावायची, याला डेटा वेअरहाउस म्हणतात. असं कोठार बांधून सांभाळणारी तीन सॉफ्टवेअरं चाचणीला आली होती आणि त्यांना गुण द्यायचं काम वैजनाथकडे होतं.

एकच माणूस दोनदा नोंदला गेला असेल तर त्या नोंदी शोधून एक करायच्या, हे अशा सॉफ्टवेअरचं मोठं काम. साहेब, तुम्ही फर्मान काढलंत की जे जास्त नोंदी एक करेल त्याला जास्त गुण. वैजनाथ चाचरत म्हणाला होता की जास्त म्हणजे बरोबर असं नसतं, आणि चाचणी खोट्या माहितीवर घ्यावी, चालू माहितीवर नको. तुम्ही म्हणालात, "वैजनाथ, निगेटिव्ह बोलू नकोस." तिसऱ्या सॉफ्टवेअरचा विक्रेता इंद्रजीत तुमच्या शेजारीच बसला होता. त्याने मान डोलावली आणि सोमवारी सकाळी आपलं सॉफ्टवेअर थेट चालू माहितीवर सोडलं.

त्याच सोमवारी वैजनाथने गेटवर कार्ड लावलं, तर मशीनने लाल दिवा दाखवला. पुसून लावलं, उलटं लावलं. लालच. गेटवर पोपट नावाचा वॉचमन होता. तो जवळ आला.

"कुनाला भेटायचंय?"

"मी इथेच काम करतो. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं येताय, मग मशीनला कशी वळख नाय तुमची?"

दोन वर्षं तो याच पोपटच्या समोरून रोज जात होता, पण पोपटला तरी त्याची ओळख कुठे होती? शेवटी पाहुण्यांचा पास घ्यायचं ठरलं. पासावर लिहावं लागतं की कोणाला भेटायचंय. वैजनाथ बराच वेळ पेन धरून उभा राहिला. ऑफिसात असं एकही नाव नव्हतं, की ज्याला फोन केला असता तर तो खाली आला असता. मग त्याने स्वतःचंच नाव लिहिलं. पोपटने फोन लावला. वरती वैजनाथच्या टेबलावर घंटा वाजत राहिली.

"उचलत नाहीत," पोपट म्हणाला. "जागेवर नसतील. आले की सांगतो, तुम्ही येऊन गेलात म्हनून."

तेवढ्यात मनुष्यबळ विभागाच्या पूर्णिमा मॅडम आल्या. त्यांनी फोनवरून वर चौकशी केली आणि वैजनाथकडे चष्म्यावरून पाहिलं. "वैजनाथ गित्ते कंपनीत एकच आहेत. ओतशाळेत, फाउंड्रीवर. एकोणनव्वद साली लागलेत. ते आपण नाही, हे मलाही दिसतंय."

उपाय सोपा होता. दोन सहकाऱ्यांनी खाली येऊन ओळख पटवायची. वैजनाथने शेजारच्या टेबलावरच्या साईचं नाव सांगितलं. साई आला, कान खाजवत म्हणाला, "फेस फॅमिलियर आहे. आपण तेच ना, ज्यांच्याकडून मी एकदा चार्जर नेला होता?" नाव मात्र त्याला सांगता आलं नाही. दुसरा सहकारी कोण, हे वैजनाथला सुचलं नाही. तो गेटबाहेरच्या कठड्यावर बसून राहिला. दोन वर्षं तो कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवला होता. आता भिंत थोडीच साक्षीला येणार होती?

वरती तुमची बैठक चालू होती, साहेब. इंद्रजीत सांगत होता की आमच्या सॉफ्टवेअरने सर्वांत जास्त डुप्लिकेट माणसं काढली. संचालक खूश. तुम्ही विचारलंत, गुणांचा तक्ता घेऊन वैजनाथ कुठे आहे? कोणीतरी म्हणालं, जागेवर नाही. तुम्ही म्हणालात, असतो कधी? टाळ्या त्यानंतरच्या.

जेवणाची वेळ झाली तेव्हा कारखान्याच्या बाजूने निळ्या कपड्यांतला एक म्हातारा गेटवर आला. पोपटला म्हणाला, "सकाळधरनं माझ्या नावावर दोन दोन जेवणं यायलेत. वरनं फोन आला, मार्कं घेऊन या म्हणं. मी काय शाळा सोडून आलो काय? कुणीतरी माझ्यात शिरलंय. कोण हाय त्यो?"

पोपटने कठड्याकडे बोट दाखवलं.

"गाव कोणतं रं?" म्हाताऱ्याने विचारलं. वैजनाथने परळीकडचं गाव सांगितलं. म्हाताऱ्याचं गाव ओढ्यापलीकडचं निघालं. त्या भागात देवाच्या नावाचे वैजनाथ गल्लोगल्ली आणि गित्ते घरोघरी.

"जन्मतारीख?"

"एक जून."

"मास्तरनं घातलेली?"

"हो. शाळेत नाव घालताना."

"माझीबी," म्हातारा म्हणाला आणि त्याच्याशेजारी बसला. "आमच्या अख्ख्या वर्गाची एकच. खरी कुणाला ठाव हाय? आई म्हणायची, करडई काढायच्या टायमाला झालास."

आता कळलं ना, साहेब? हा म्हातारा वैजनाथ सर्जेराव गित्ते. हा तरुण वैजनाथ कोंडीराम गित्ते. नाव एक, आडनाव एक, तारीख मास्तरांनी दिलेली एक; साल वेगळं, पण सॉफ्टवेअर दिवस-महिनाच जुळवत होतं. राहिलं वडिलांचं नाव. ते इंद्रजीतने बंद करून ठेवलं होतं. त्याच्याकडे बापाला मधलं नाव म्हणतात. "मिडल नेम ऑफ ठेवलं की फास्ट चालतं सर," तो नंतर म्हणाला. वैजनाथचे वडील बिचारे आधीच गेलेले होते. यांनी त्यांना पुन्हा एकदा घालवलं.

म्हाताऱ्याने पासावर सही केली आणि वैजनाथला हाताला धरून कामगारांच्या कँटीनमध्ये नेलं. एका कार्डावर दोन ताटं आली. "खा लेकरा," तो म्हणाला. "तुझंच हाय. माझ्या नावावर, येवढंच."

जेवून वर जाऊन वैजनाथने तुम्हाला गुणांचा तक्ता दिला. तिसऱ्या सॉफ्टवेअरला शून्य. तुम्ही त्याला बोलावून समजावलंत की एका केसवरून निष्कर्ष काढायचा नसतो.

"सर, ती केस मी आहे," वैजनाथ म्हणाला.

तुम्ही शून्य खोडलंत. खरेदी पार पडेपर्यंत काही दुरुस्त करायचं नाही असं ठरवलंत, कारण दुरुस्त केलं तर चूक झाली होती असं दिसेल. मग वैजनाथ रोज पाहुणा म्हणून ऑफिसात येऊ लागला. भेटायचंय कोणाला? वैजनाथ गित्ते. पोपट ओतशाळेत फोन लावायचा आणि आता तो उचलला जायचा. दुपारी दोघे जेवायचे. म्हातारा ओढ्याच्या गोष्टी सांगायचा, वैजनाथच्या ताटात आपली मिरची टाकायचा, खोलीवर स्वयंपाक करतोस की हॉटेलचं गिळतोस म्हणून झापायचा. पोपटसुद्धा गेटवरून म्हणू लागला, "धाकलं वैजनाथ आलं."

सॉफ्टवेअर विकत घेतलं गेलं. इंद्रजीतने वडिलांचं नाव चालू केलं आणि चहा गार व्हायच्या आत दोन वैजनाथ वेगळे झाले. पूर्णिमा मॅडम नवं कार्ड घेऊन टेबलाशी आल्या. वैजनाथ म्हणाला, "मॅडम, थोडे दिवस राहू द्या ना तसंच."

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अहो, आपल्याला आपलं नाव नको का?"

त्याने कार्ड घेतलं. दुपारी कामगारांच्या कँटीनच्या दारात ते लावलं, तर लाल दिवा. ऑफिसच्या कार्डाला ते दार उघडत नाही. तो नियम तुमचाच, साहेब. आतून म्हाताऱ्याने हात केला. यानेही केला. मग तो वर ऑफिसच्या कँटीनमध्ये गेला आणि भिंतीसमोरच्या खुर्चीत बसला.

तर साहेब, आता सगळं बरोबर झालंय. प्रत्येक माणूस एकदाच आहे आणि आपापल्या जागी आहे. पण दोन वर्षांत वैजनाथला शोधत एकच माणूस आला, तोही तुमच्या चुकीने आला. सगळं बरोबर चालू असतं तर कोण येणार होतं? टाळ्या घेतल्यात ना, मग याचंही उत्तर द्या.