तिसरी शिंक

अमरावतीच्या दवाखान्यातून आचलचा, म्हणजे नातीचा, हात धरून खुशालराव उन्हात आले आणि आजा-नात दोघंही भर रस्त्यात थबकले. एक शिंक झाली, दुसरी झाली, तिसरी अडकली. दोघांची तोंडं उघडी, नाकं आभाळाकडे. मागच्या ऑटोवाल्याने इतका हॉर्न वाजवला की शेवटी हॉर्नचाच घसा बसला.

"आता का इथंच मंडप टाकू?" खुशालरावांच्या पत्नी वच्छलाबाई मागून करवादल्या.

"डाक्टरनं सांगतलं न, रोग नाही हा," खुशालराव नाक पुसत म्हणाले. "ऊन डोयात गेलं का शिंक येते. खानदानी हाय. मायबापापासून लेकराले येते. अन् जानूनबुजून काही होत नाही."

"खानदान तुमचं! माह्या माहेरात कोनी असं तोंड वासत नाही."

खुशालरावांचं लक्ष मात्र 'जानूनबुजून'पाशीच अडकलं होतं. धाकटा भाऊ बंडू लग्नाच्या बोलणीला निघाला, तेव्हा तोही याच खानदानाचा म्हणून नाकावर रुमाल दाबून उन्हात उतरला होता. निरोप द्यायला दारात आलेल्या खुशालरावांना ते जमलं नाही. शिंक आडवी गेली, बोलणी फिसकटली. "जानूनबुजून शिंकला तू!" म्हणून बंडू घर सोडून गेला तो गेलाच. अकोटच्या बाजारात दिसला, असं कुणी तरी सांगे. खुशालराव दोनदा जाऊन रिकामे परतले होते. दिवाळीत अजूनही त्यांचा हात बंडूच्या वाट्याची करंजी बाजूला काढायचा आणि मग ती मुंग्या खायच्या.

पण आता डॉक्टरांचा दाखला होता! बंडूला लेकरं असतील तर एखादं तरी शिंकणारच. अकोटहून येणाऱ्या गाडीतून उन्हात कोण शिंकत उतरतं ते पाहायला खुशालराव दुसऱ्याच दिवशी भर दुपारी अकोल्याच्या स्टँडवर ठाण मांडून बसले. त्यांच्या डोक्यावर उन्हाची टोपी चढवून वच्छलाबाईही आल्या. नवरा एकटा सोडण्यासारखा नव्हता.

गाडी लागली. पहिला माणूस शिंकत उतरला. दुसराही. मग बाया, पोरं, एक हवालदार, सगळेच शिंकत उतरले.

"वच्छले! बंड्यानं तं गाव वसवलं व!" म्हणत खुशालरावांनी हवालदारालाच मिठी मारली.

"सोडा बे! पागल झाले काय?"

"तुह्या बापाचं नाव सांग, पोरा!"

"काका, मिरचीचं पोतं फुटलं गाडीत!" कंडक्टर शिंकांमधून ओरडला. स्टँडभर हशा पिकला. वच्छलाबाईंनी नवऱ्याला बाहीला धरून ओढलं. खुशालराव मान खाली घालून चालू लागले. टोपीही त्यांना आता जड झाली.

तेवढ्यात गाडीतून शेवटची एक मुलगी उतरली. तोंडाला स्कार्फ घट्ट बांधलेला. मिरची तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिने उन्हात येऊन स्कार्फ सोडला. एक शिंक. दुसरी. आणि मग तोंड उघडं, नाक आभाळाकडे.

"पोरी," खुशालराव गर्रकन मागे वळले, "तिसरी अटकली काय?"

"तुमाले कसं मालूम? माह्या बाबाचीबी अटकते."

गीतांजली तिचं नाव. बाबाचं नाव बंडू निघालं तेव्हा वच्छलाबाईच आधी मटकन बसल्या. मुलीने फोन लावून दिला.

"बंड्या, मी खुशाल."

"कोन खुशाल? मी नाही वयखत."

"मंग आंगनात जा न जरा. ऊन पाह्य."

पलीकडे चपला फरफटल्या. मग दार करकरलं. एक शिंक. दुसरी. तिसरी नाही.

खुशालरावांनी टोपी काढून सूर्याकडे पाहिलं. इकडेही दोन झाल्या, तिसरी अडकली. इतक्या वर्षांचं बोलायचं होतं आणि दोन्हीकडे दोन म्हातारे तोंड उघडून मुके उभे.

"कटला काय फोन?" गीतांजलीने विचारलं.

"नाही व," वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ता लागला."

आणि तिसरी शिंक दोन्ही टोकांना एकदमच सुटली. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"दादा," बंडू म्हणाला, "हे जानूनबुजून नाही हं."